आत्याचे अर्थ

नवी वहिनी घरात आली. तिने कपाट हलवलं, पडदे बदलले, भावाच्या चहातली साखर कमी केली. आत्याने सगळं गिळलं. पण टिल्ली पुस्तक घेऊन वहिनीला खेटून बसली, त्या दिवशी मात्र आत्याच्या पोटात दुखायला लागलं.

टिल्ली म्हणजे भावाची आठ वर्षांची मुलगी. तिची आई गेल्यापासून तिला आत्यानेच वाढवलं होतं. आत्या घरीच कपडे शिवायची. ती मशीनवर, टिल्ली खाली चिंध्यांत पुस्तक घेऊन लोळत. शब्द अडला की हाक यायची, "आत्या, म्हणजे काय गं?" आत्या पटकन अर्थ सांगायची. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला सगळं कुठून येणार? येत नसे तेव्हा ती बेधडक ठोकून द्यायची. अख्ख्या जगात तिला हुशार समजणारं एकच माणूस होतं. त्याच्यापुढे "माहीत नाही" म्हणायला तिची जीभ रेटत नसे.

वहिनी औषधांच्या दुकानात कामाला होती. डॉक्टरांचं किड्यामुंग्यांसारखं अक्षर लावण्यात तिचा दिवस जायचा. तिची तऱ्हाच निराळी. टिल्लीने शब्द विचारला की ती म्हणायची, "आधी पुढचं वाक्य वाच. आता सांग, इथे काय बसेल?"

"आणि चुकलं तर?"

"म्हणून तर नंतर शब्दकोश बघायचा. मी तरी नुसत्या अंदाजावर कुणाला गोळ्या देते का?"

दोघी खिदळल्या. आत्याने सुईत दोरा ओवता ओवता वहिनीला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. सांगायचं काही नाही, उलट पोरीलाच विचारायचं, आणि वर पोरगी खूश! स्वतःला येत नसलं की लोक असंच करतात, असा निकालही तिने देऊन टाकला.

पंधरा दिवसांत "म्हणजे काय गं" बंदच झालं. मग आत्याने चंग बांधला. वाचनालयातून तिने समुद्रसफरीचं एक जाडजूड पुस्तक आणलं. पानापानाला अवघड शब्द. बसा म्हणावं आता अंदाज बांधत! पोरगी दमेल आणि मुकाट मशीनपाशी येईल.

तिसऱ्याच पानावर टिल्लीने वाचलं, "'वादळात जहाजाचं सुकाणू तुटलं,'" आणि ती थांबली.

आत्याचा पाय मशीनवर जागच्या जागी राहिला. गेल्या वर्षी हाच शब्द एका गोष्टीत आला होता आणि तिने ऐटीत सांगितलं होतं, सुकाणू म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. स्वयंपाकी तुटेल कसा, हे आत्ता कुठे तिच्या डोक्यात शिरलं. आता शब्दकोश उघडणार आणि त्या बाईसमोर आपली शोभा होणार!

"आधी कधी ऐकलायस हा शब्द?" वहिनीने विचारलं.

टिल्लीने मशीनकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली आणि पुढे वाचू लागली. "'जहाज हवं तिकडे वळेना.' म्हणजे जहाज वळवायचं काहीतरी असणार."

शब्दकोशातही तेच निघालं. तिची पाठ थोपटून वहिनी दुकानात निघून गेली. दार लागलं तशी आत्याने टिल्लीला जवळ ओढलं.

"खोटं का बोललीस गं? मी सांगितलं होतं ना तुला?"

"ते चूक होतं. मला तेव्हाच कळलं. त्या गोष्टीत कप्तान दोन्ही हातांनी सुकाणू फिरवत होता. स्वयंपाक्याला कोण फिरवेल?"

"म्हणजे मी थापा मारायचे हे तुला..."

"सगळ्या थापा नव्हत्या," टिल्ली समजूत घालत म्हणाली. "थोड्याच."

"मग विचारत का राहिलीस?"

"तुला सांगायला आवडायचं ना."

आत्याचे कान तापले. आपण पोरीला शिकवतोय अशा तोऱ्यात ती इतके दिवस होती, आणि ही एवढीशी पोर तिचं मन राखत होती. तरी मनातला किडा काही गप्प बसेना.

"नव्या आईला सांगितलंस यातलं काही?"

"नाही. तिला कशाला? ते आपलं दोघींचं."

आत्याला इतका आनंद झाला, की तिची तिलाच लाज वाटली. पण आनंद काही कमी झाला नाही.