डाव्या हाताचे ठोके

यज्ञेश्वर तांबट, त्यांचे चिरंजीव बापूराव, बापूरावांचा रणजित आणि रणजितचा शुभंकर. यांतले दुसरे नाव माझ्या यजमानांचे. एरवी मी ते घेत नाही, इथे लिहिणे भाग आहे. कसबा पेठेतला तांब्याच्या भांड्यांचा कारखाना माझ्या सासऱ्यांनी उभा केला, यजमानांनी चालवला. रणजितने बँकेची नोकरी पत्करली आणि हातोड्याला हात लावला नाही. शुभंकर एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. एकोणतीस वर्षांचा होईपर्यंत घराबाहेर त्याला कोणी ओळखत नव्हते, आणि ते त्याला फार लागत असे.

मग त्याने मोबाइलवर एक रील टाकली. आधी त्याचा चेहरा, नंतर तांब्याच्या हंड्यावर एका लयीत पडणारे ठोके, आणि खाली ओळ : ‘चौथी पिढी, तेच हात.’ चार महिन्यांत तीन लाख माणसे त्याच्यामागे लागली. पेठेतल्या मंडळाने त्याचा फलक लावला. परगावी गेलेले आमचे ज्ञातिबांधव एकमेकांना त्या रीली पाठवून ‘हे आपण’ असे लिहू लागले. शुभंकर नोकरी सोडून खादीचा सदरा घालू लागला आणि बोलता बोलता तळहात चोळू लागला, जणू तिथे घट्टे होते.

हात मात्र श्यामचे होते. श्याम म्हणजे आमचा कारागीर, वय पंचावन्न. तो वर्ध्याकडून येऊन आमच्याच कारखान्यात राबलेल्या गेनबांचा मुलगा, आणि बापासारखाच डावखुरा. श्यामचा चेहरा कोणत्याही रीलमध्ये नव्हता. मी एकदा विचारले, तर शुभंकर म्हणाला की लोकांना एकच चेहरा लक्षात राहतो. मी गप्प बसले. ती माझी चूक.

श्रावणात बुधवार पेठेतल्या एका जुन्या भांडेवाल्याने रीलखाली लिहिले : ‘चेहरा उजव्या हाताने चहा पितो, ठोके डाव्या हाताचे पडतात. चौथ्या पिढीत हात बदलला का?’ डावखुऱ्याच्या ठोक्यांची ओळ उलट्या बाजूला कलते. ज्याचा जन्म भांड्यांत गेला त्याला ते दुरून दिसते. शुभंकरने उत्तर दिले की मोबाइलमध्ये चित्र उलटे येते. तासाभरात दुसऱ्या कोणी लिहिले : ‘मागच्या पाटीवरची अक्षरे मात्र सुलट आहेत. पाटीही डावखुरी असावी.’ पुणेकरांना आणखी काय लागते? दोन दिवसांत हजारोंनी मागणी केली : थेट प्रक्षेपण करा, चेहरा आणि हात एकत्र दाखवा.

शुभंकरने रविवारी संध्याकाळी पाचची वेळ जाहीर केली. आठ दिवस तो कारखान्यात हातोडा आपटत बसला. त्याने तीन हंडे वाकवले. शनिवारपर्यंत त्याच्या अंगठ्याचे नख काळे पडले होते आणि ठोक्यांची एक ओळही सरळ जात नव्हती.

रविवारी चार वाजता कर्वेनगरच्या आमच्या घरून तो मला रिक्षाने कारखान्यात घेऊन आला. दारातच त्याने माझा हात धरला.

“आजी, एक काम कर. श्यामकाकांना तासभर कुठेतरी पाठव. ते समोर असले की लोक कम्पेअर करतील. दोन-चार ठोके मी मॅनेज करतो. तू सांगितलंस तर ते नाही म्हणणार नाहीत.”

“आणि नाही पाठवले तर?”

“तर मी कोण आहे, आजी?” त्याचा आवाज फाटला. “हे गेलं तर मी परत कुणीच नाही.”

गेले आठ दिवस राहून राहून आठवणारी दुसरीच एक दुपार पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर आली. माझ्या लग्नाला दोन वर्षे झाली होती. एका वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आमचे मोठे घंगाळ टिपायला आला होता. सासऱ्यांचे मनगट तेव्हा निकामी झाले होते आणि ते घंगाळ गेनबांनी सव्वा महिना खपून घडवले होते. गेनबा घंगाळाशेजारी उभे राहिले. घराण्याचे नाव छापून यायचे होते. मी पदर सावरून पुढे झाले आणि त्यांना चहा आणायला पाठवले. ते परतेपर्यंत छायाचित्र निघाले होते. खाली नाव आले सासऱ्यांचे. गेनबा एवढेच म्हणाले, “वहिनीसाहेब, फोटोत चहा आला नाही वाटते.” त्यानंतर ते एकवीस वर्षे आमच्याकडे राबले, पण माझ्या हातचा चहा त्यांनी कधी घेतला नाही.

“श्यामला मी सांगते,” मी शुभंकरला म्हणाले. त्याचा चेहरा सैल झाला.

मी आत गेले आणि श्यामला आपल्या जागी बसून काम सुरू ठेवायला सांगितले. त्याने शुभंकरकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, “पोराचं नाव जाईल, काकू.”

“त्याचे असेल तर जाणार नाही. बसा.”

पाच वाजले. मोबाइल तिवईवर लागला. पडद्यावरचा पाहणाऱ्यांचा आकडा नऊ हजारांच्या पुढे गेला. शुभंकरने नमस्कार केला, उजव्या हातात हातोडा घेतला, आणि मी त्याच्या व मोबाइलच्या मध्ये खुर्ची ओढून बसले.

मी म्हणाले, “मी याची आजी. याला हातोडा धरता येत नाही. तुम्ही पाहिलेत ते हात मागे बसलेल्या श्याम यांचे आहेत.”

“आजी, थांब,” शुभंकर कुजबुजला. त्याचा अंगठा पडद्यावरच्या लाल बटनाशी आला. एक स्पर्श झाला असता तर सगळे तिथेच संपले असते. मी त्याच्याकडे पाहिले नाही, कारण पाहिले असते तर ती आज्ञा झाली असती. हे त्याचे त्याने ठरवायचे होते.

“माझ्या नातवाने जे केले,” मी पुढे बोलले, “ते या घरात प्रथम मी केले.” मग छायाचित्राची हकीकत मी सन, महिना आणि वर्तमानपत्र यांसह सांगितली. “ते घंगाळ गेनबांनी घडवले होते. सासऱ्यांनी नव्हे. त्यांना चौकटीबाहेर मी काढले. त्या वर्तमानपत्राला तसे लेखी पत्र मी काल पाठवले आहे. गेनबा आज नाहीत. म्हणून त्यांच्या मुलासमोर आणि तुम्हा सर्वांसमोर मी त्यांची क्षमा मागते.”

आयुष्यात मी कोणाची क्षमा मागितली नव्हती.

आकडा घसरू लागला. पडद्यावर शिव्या धावत होत्या, मधूनच हात जोडल्याची चित्रेही येत होती. शुभंकरचा अंगठा अजून तिथेच होता. मग त्याने तो बाजूला केला, मोबाइल तिवईवरून काढला आणि माझ्यावरून, स्वतःवरून सरकवत श्यामवर नेला. हात आणि चेहरा प्रथमच एका चौकटीत आले.

“यांचं पूर्ण नाव श्याम गेनबा मेश्राम,” तो म्हणाला. “काम यांचं आहे. मी फक्त मोबाइल धरतो.”

श्यामने हातोडा खाली ठेवला. नंतर उठून माझ्यासमोर आला. त्याने मला वाकून नमस्कार केला नाही, आणि मलाही तो नको होता.

“बाबा शेवटपर्यंत त्या फोटोबद्दल बोलायचे, काकू,” तो म्हणाला. “आज फिटलं. काही बाकी नाही.”