एक सेंटिमीटर

“एकशे नव्याण्णव,” टेपवर जवळजवळ नाक टेकवून ते म्हणाले.

“दोनशे म्हणा ना, काका. जरा ताणली की होतील,” बांधकाम खात्याच्या बाई म्हणाल्या. त्यांचे पेन कागदावर थबकले होते.

“पोलादी टेप ताणून वाढत नाही, बाई. ताणतो तो माणूस.”

एकतीस वर्षे ते वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानदार पाठीमागे त्यांना ‘रतीभर’ म्हणत. ते त्यांना ठाऊक होते आणि नाव चुकीचे आहे असे त्यांचे मत होते. रतीभरही सूट त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती.

निवृत्तीनंतर परसात त्यांनी ओंडक्यांची एक खोली उभी केली. बायकोला अर्धशिशी होती. रस्त्याकडेच्या घरात डोके उठले की नऊ-नऊ तास ठणके; ओंडक्यांच्या जाड भिंतींआड, खिडकीला काळा पडदा लावून पडले की चार तासांत उतरे. सव्वा वर्षाच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या. रुग्ण एकच, तेव्हा यातून काही सिद्ध होते असे ते म्हणत नसत. पडदा मात्र रोज दुपारी स्वतः लावत.

कुंपणापासून दोन मीटर सोडले तर अशा खोलीला परवानगी लागत नव्हती. त्यांनी भिंतीपासून दोन मीटर चार सेंटिमीटर सोडले होते. चूक तिथेच झाली. ओंडके कोपऱ्यावर खाच पाडून एकमेकांत अडकवतात आणि त्यांची टोके भिंतीबाहेर राहतात. नियम मोजतो तो त्या टोकांपासून. टोके सोळा सेंटिमीटरची होती. दुसऱ्या अंगाला सांडपाण्याची टाकी, त्यामुळे खोली सरकवायला बोटभरही जागा नव्हती. मागाहून केलेला परवानगीचा अर्ज फेटाळला गेला. उरला एकच उपाय: टोके कापणे. आज मुदतीचा शेवटचा दिवस होता.

“टोकं अकरा सेंटिमीटर कापली, साहेब,” करवत पुसत सुतार म्हणाला. “आता केसभर जरी कापलं तरी खाच फुटणार. मग भिंत तुमच्या अंगावर आणि तुम्ही माझ्या.”

कुंपणावर कोपरे टेकून शेजारचे किराणा दुकानदार उभे होते. तक्रार त्यांचीच. एकोणीस वर्षांपूर्वी किलोमागे दहा ग्रॅम कमी भरले म्हणून त्यांचा काटा याच साहेबांनी जप्त केला होता.

“असू द्या हो, साहेब,” ते म्हणाले. “एका सेंटिमीटरनं माझं काय जातंय? मी तक्रार मागे घेतो. दहा ग्रॅमला मीही तेव्हा हेच म्हणालो होतो.”

टोमणा असता तर सोपे गेले असते. पण माणूस मनापासून बोलत होता.

मागच्या दारात बायको डोळ्यांवर हात धरून उभी होती. “अहो, बाई स्वतः म्हणताहेत ना!”

“त्या म्हणाल्या म्हणून अंतर वाढत नाही.”

“वा! खरेपणा तुमचा, डोकं माझं.”

प्रत्येक मापाला ठरावीक चूक माफ असते, हे त्यांनीच कित्येकांना शिकवले होते. दोन मीटरला किती, तेही त्यांना तोंडपाठ होते. एक सेंटिमीटर त्यात कुठेच बसत नव्हता. कुंपणाशी ते दुकानदार नसते तर आपण दोनशे म्हटले असते का, हाही प्रश्न त्यांच्या मनात आला. पण प्रयोग पुन्हा करता येण्यासारखा नव्हता.

“लिहा,” ते म्हणाले. “एकशे नव्याण्णव.”

बाईंनी एकवार त्यांच्या बायकोकडे पाहिले आणि लिहिले. “सात दिवसांत खोली काढा, काका,” कागद हातात देताना त्या हळू आवाजात म्हणाल्या.

चौथ्या दिवशी छप्पर उतरले. सुतार वरून एकेक ओंडका खाली देई आणि ते त्यावर खडूने आकडा घालत.

“पुन्हा उभी करायचीय का कुठं?”

“नाही.”

“मग आकडे कशाला?”

“एखादा हरवला तर कळेल.”

सुतार हसला. ते हसले नाहीत. दुपारपर्यंत चौऱ्याऐंशी ओंडके कुंपणाशी रचले गेले आणि खोलीच्या जागी पांढुरक्या मातीचा काटेकोर चौकोन उरला. रस्त्याचा आवाज आता परसाच्या शेवटापर्यंत येत होता.

दोन वाजता बायको बाहेर आली. कपाळाला घट्ट रुमाल बांधलेला, डोळे अर्धे मिटलेले. चौकोनाच्या काठाशी येऊन ती थांबली, जणू तिथे अजून उंबरठा होता. त्यांनी ओंडक्यांच्या ढिगाशेजारी खुर्ची आणून ठेवली.

“जरा सावलीत घ्या,” बसता बसता ती म्हणाली.

“किती?”

तिने डोळे मिटून घेतले होते. त्यांनी तिच्यासकट खुर्ची थोडी ओढली, तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग आणखी थोडी. ऊन तरीही गालावर येतच होते. ते ढिगाकडे गेले, घडी घालून ठेवलेला काळा पडदा उलगडला आणि दोन्ही हातांनी उंच धरून तिच्या आणि उन्हाच्या मधे उभे राहिले.

किती वेळ, याची नोंद त्या दिवशी झाली नाही.