मागणी कमी असल्यामुळे नामंजूर

बँकेच्या कर्ज विभागात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना घरात सगळे 'साहेब' म्हणत. बायको तो शब्द जरा लांबवून म्हणायची. त्यात आदर किती आणि चिमटा किती, याचा हिशेब साहेबांना आजवर जमला नव्हता. ती एका शाळेच्या ग्रंथालयात अजून नोकरीला होती. तिचा पगार साहेबांच्या पेन्शनपेक्षा जास्त आहे, हा विषय घरात कोणी काढत नसे.

साहेबांचे नियम दोन. कोऱ्या कागदावर सही करायची नाही आणि कुणाला जामीन राहायचं नाही. पहिला नियम शहाणी माणसं पाळतातच. दुसऱ्यापायी मात्र सख्ख्या धाकट्या भावाशी चार वर्षं बोलणं बंद होतं. भावाला छापखाना टाकायचा होता आणि कर्जाला जामीनदार हवा होता. "जामीन राहणं म्हणजे दुसऱ्याची दाढ दुखते म्हणून आपली काढून देणं," असं साहेब तेव्हा म्हणाले होते. वाक्य चांगलं होतं. भाऊ जेवता जेवता उठून गेला होता.

त्यामुळे त्या शनिवारी सकाळी लेकीने चहाच्या कपाशेजारी फॉर्म ठेवला आणि "बाबा, इथे सही हवी होती, जामीनदार म्हणून," असं म्हटलं, तेव्हा स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

लेकीचं घरातलं नाव टिल्ली. ते ठेवलं तेव्हा ती वीतभर होती. आता साहेबांच्या टकलावरून पलीकडचं बघू शकायची. वय अठ्ठावीस, विमा कंपनीत दावे तपासायची कायम नोकरी. ती सोडून तिला विद्यापीठात जाऊन इतिहासाचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं होतं. अर्धी फी माफ होण्यासारखी होती. पण उरलेला खर्च कसा भागणार याचं दोन वर्षांचं अंदाजपत्रक हवं होतं, आणि त्याखाली कमावत्या किंवा पेन्शनवाल्या जामीनदाराची सही. मुदत सोमवारी दुपारी बारापर्यंत. सही नाही तर अर्ज नाही, आणि अर्ज नाही तर पुन्हा लोकांचे फुटलेले नळ आणि ठोकलेल्या गाड्या.

"अर्ज कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"हा काय."

"हा विद्यापीठाला. मला केलेला कुठंय?"

"तुम्हाला तोंडी केला ना आत्ता!"

"तोंडी मागणाऱ्यांना आम्ही तोंडीच नाही म्हणायचो. सगळी कागदपत्रं घेऊन ये. अकरा ते एक तपासणी. एकला खिडकी बंद."

बरोबर अकराला साहेब जेवणाच्या टेबलाशी बसले. समोर चष्म्याचं घर, लाल पेन, पट्टी. पट्टीचं काम काहीच नव्हतं, पण पट्टीशिवाय टेबल कार्यालयासारखं दिसत नव्हतं.

"साहेऽब, गिऱ्हाइकाला बसा तरी म्हणा," बायको हात पुसत बाहेर आली आणि स्वतःच खुर्ची ओढून बसली.

"अर्जदाराचा सध्याचा व्यवसाय?"

"बाबा, तुम्हाला माहितीय."

"लोकांचे दावे तपासते आणि नाही म्हणते," आई म्हणाली. "घराण्यातच आहे."

साहेबांनी तिकडे काणाडोळा केला आणि 'अभ्यासाचा हेतू' हे पान उचललं. दोनशे वर्षांपूर्वी साध्या माणसांनी दरबारात आणि कचेऱ्यांत केलेले विनंती अर्ज टिल्लीला अभ्यासायचे होते. कर माफ करा, छप्पर दुरुस्त करून द्या, मुलाला सोडा.

"अर्जांचा अभ्यास? मी चौतीस वर्षं केला. मला कुणी पदवी नाही दिली."

"तुम्ही नाही म्हणायला वाचत होतात बाबा. मला ते कसे मागत होते ते बघायचंय."

साहेबांनी पुढचे कागद ओढले. सोबत वीस पानांचा नमुना लेख होता. त्यातली दोन पानं चाळून बाजूला ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पाचव्या पानावर चहा निवला. नवव्यावर लाल पेन उघडलं.

"हा नावाडी खोटं बोलतोय."

"बाबा, तो दोनशे वर्षांपूर्वी वारलाय."

"म्हणून खरं बोलायला लागला का? पहिल्या अर्जात मुलं तीन. दुसऱ्यात पाच. मध्ये महिने सात."

टिल्लीने पान ओढून घेतलं. तीन, पाच, सात. हे दोन्ही अर्ज तिने स्वतः उतरवून घेतले होते, त्यावर दीड पान लिहिलं होतं, आणि मुलं काही मोजली नव्हती.

"जुळी झाली असतील की," आई म्हणाली.

"असतील. पण मग तसं लिहिलं असतं. पदरात जुळी असून त्यांचं भांडवल न करणारा अर्जदार मला अजून भेटायचाय." साहेबांनी पान उलटलं. "ही विधवा मात्र खरी. छपराची किती कौलं फुटली म्हणते? एकशे बारा. खोटं बोलणारा शंभर म्हणतो. ही बाई शिडी लावून वर चढली होती."

टिल्ली समासात भराभर लिहायला लागली. साहेबांना ते दिसलं, पण दिसलं नाही असं दाखवण्यात त्यांची हयात गेली होती.

मग अंदाजपत्रक. एकच पान, पण त्यावर साहेब इतका वेळ थांबले की बायको उठून कुकर लावून परत आली. शेवटी त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पानाच्या कोपऱ्यात, जिथे आयुष्यभर लिहायचे तिथेच, लिहिलं: नामंजूर.

टिल्लीचा चेहरा उतरला. "दोन वर्षांचा खर्च जास्त वाटणार, मला माहीत होतं. पण मी जेवढं कापता येईल तेवढं..."

"जास्त? अगं, हे भिकार आहे! दोन वर्षांत तुझी एक दाढ दुखणार नाही? चष्मा फुटणार नाही? पुस्तकांना एवढेच? आणि घरी येण्याचा प्रवास वर्षातून एकदा? मध्येच आई आजारी पडली तर?"

"मला कशाला आजारी पाडताय?" आई म्हणाली. "तुमचा गुडघा आहे की."

"पण बाबा, तुम्हीच म्हणता ना, अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"पसर की जपून. पण पाय केवढे आहेत ते तरी खरं सांग! तू तर घोट्यापासून कापून आणलेस." साहेबांनी चष्मा काढला. "ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. का गं?"

टिल्ली पट्टी टेबलावर फिरवत राहिली. "जास्त मागितलं तर तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

कुकरची शिट्टी झाली. कुणी मोजली नाही.

"माझ्यासमोर सगळे हेच करायचे," साहेब म्हणाले. "दोन खोल्या बांधायच्या असल्या तर दीड खोलीचे पैसे मागायचे. मागणी लहान म्हणून मी खूश. लगेच मंजूर. मग भिंती उभ्या राहायच्या आणि छप्पर राहायचं. बुडाली ती हीच कर्जं. ज्यांनी तोंड भरून मागितलं त्यांनी फेडलं." त्यांनी चष्मा पुसला, तो स्वच्छच होता. "तुझ्या काकानेही कमीच मागितलं होतं. दोन यंत्रं लागणार होती, मागितलं एकाचं. मला तेव्हाच कळलं होतं. ते त्याला सांगायचं सोडून मी दाढेचं बोललो."

दुसरा जामीनदार गाठून काढलेला तो छापखाना दीड वर्षात बंद पडला होता. यावर बायकोला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. ती कुकर उतरवायला गेली.

एक वाजला, खिडकी काही बंद झाली नाही. ताटं टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर मांडली गेली. दाढ आली, चष्मा आला, वर्षातून तीनदा घरी येणं आलं. 'किरकोळ' हा रकाना साहेबांनी खोडला, कारण चौतीस वर्षांत या रकान्यात त्यांना किरकोळ असं काही सापडलं नव्हतं. नवा आकडा जुन्याच्या दीडपट झाला. टिल्लीची शिल्लक आणि सुट्टीतली कामं धरूनही खाली भगदाड राहिलं.

"इथे माझी मुदत ठेव लिही. दोन महिन्यांत पिकतेय."

"बाबा, ती गुडघ्याच्या ऑपरेशनची आहे."

"गुडघा थांबेल. थांबणं हेच तर त्याचं दुखणं आहे."

मग साहेबांनी फॉर्म पुढे ओढला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या अटीपर्यंत दोनदा वाचला, आणि 'जामीनदार' या शब्दापुढे जन्मात पहिल्यांदा सही केली. सही जरा वाकडी आली. या बाजूने करायची सवय नव्हती.

कागद जुळवताना पिनेखाली अडकलेला आणखी एक कागद हाताला लागला. तोच फॉर्म. जामीनदाराच्या जागी बायकोची ठसठशीत सही. तारीख गेल्या मंगळवारची.

साहेबांनी कागद वर धरला. टिल्ली एकदम पाण्याचा पेला शोधू लागली.

"हिची सही चालते?"

"चालते की. पगार तुमच्या पेन्शनपेक्षा..." बायकोने वाक्य तिथेच सोडून दिलं.

"मग मला सकाळपासून कशाला बसवलंत?"

"आईने फॉर्म बघितलासुद्धा नाही, बाबा," टिल्ली म्हणाली. "कुठे करू, एवढंच विचारलं. मला कुणीतरी वाचायला हवं होतं. आणि तुमच्यासारखं नाही म्हणणारं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाहीय."

"काय गं," साहेब बायकोकडे वळले, "न वाचता सही केलीस?"

"कोरा कागद असता तरी केली असती," ती ताट उचलत म्हणाली.

साहेबांनी तो फॉर्म पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "तारखेत खाडाखोड आहे. शेजारी सही नाही. हा चालणार नाही. माझाच पाठव."

आणि न चालणारा तो कागद त्यांनी घडी न घालता, कोपरे नीट जुळवून, ठेवीच्या पावत्यांच्या फायलीत ठेवला. मग फोन उचलला.

"कुणाला?" बायकोने विचारलं.

"धाकट्याला. विचारतो, अजून काही छापायचं मनात आहे का."

"तो विचारेल, किती देणार."

"विचारू दे," साहेब म्हणाले. "फक्त आकडा खरा सांगितला पाहिजे."