पोट आलेली नळी

छाओ फूशान ओताऱ्याची हातनळी, हातात धरून डागायची छोटी तोफ, अखेर फुटली नाही. ओट्याला बांधून, बारूद ठासून, वात लावून तो भिंतीआड पळाला होता. मोठा धमाका झाला, समोरच्या मातीच्या भिंतीला भगदाड पडलं, आणि नळी होती तशी शाबूत राहिली.

आधीच्या साऱ्या नळ्या बांबूसारख्या सरळ होत्या. बारूद जिथं बसते, नेमक्या तिथंच त्या फुटायच्या. म्हणून या खेपेला फूशाननं तेवढ्या जागी कासं जाड ओतलं होतं.

"पोट आलंय हिला," त्याची बायको तिंगश्यांग हसली.

"येऊ दे. जाडी आहे म्हणून टिकली."

जागा ऐसपैस मिळाली म्हणून बादशहाच्या कालगणतीचं साल त्यानं त्या पोटावरच कोरलं होतं: झिदा, वर्ष पाचवं.

दुसऱ्या दिवशी बर्फ वितळून हिवाळाभर बंद असलेली खिंड मोकळी झाली आणि राजधानीचा स्वार ठाण्यावर आला. नव्या बादशहानं नववर्षापासून नवी गणती सुरू केली होती. झिदाचं पाचवं वर्ष उजाडलंच नव्हतं. ह्वांगछिंगचं पहिलं चालू होतं. सगळ्या जगाला ते ठाऊक होतं, फक्त खिंडीच्या अलीकडं कुणाला पत्ता नव्हता.

संध्याकाळच्या आत ठाण्याचे सरदार यान धापा टाकत ओतशाळेत आले.

"छाओ, ती नळी वितळव. आत्ताच्या आत्ता!"

"सरकार, काल तुम्हीच तिची पाठ थोपटलीत."

"काल मला साल ठाऊक नव्हतं! बादशहानं न दिलेलं वर्ष माझ्या ठाण्याच्या हत्यारावर? तपासनीस आला तर माझी हुद्द्याची टोपी जाईल, आणि टोपीखालचं डोकंही."

"अक्षरं घासून काढू?" फूशाननं विचारलं आणि स्वतःच मान हलवली. घासलं की पोट पातळ होणार, आणि नळी तिथंच फुटणार. साचा तर नळी काढतानाच फोडला होता. आणि पुन्हा ओतली तरी कासं असंच निर्दोष उतरेल याची हमी कोण देणार? इतक्या वर्षांत हाती लागलेली ही एकच.

त्यानं नळी छातीशी धरली.

तिंगश्यांगनं मात्र भट्टीत कोळसे घातले आणि भाता ओढायला घेतला.

"अगं, हे काय करतेस?" फूशान ओरडला.

"सरकारांचा हुकूम आहे ना? मग एकदाच मूस तापवू. सरकार, तुमच्या नातवाचं कुलूपही पाठवून द्या."

"कसलं कुलूप?"

"गळ्यातलं, चांदीचं. आयुष्य बांधून ठेवायचं. यांनीच केलंय ते. मागं जन्मसाल कोरलंय. नातू झाल्याची लाल अंडी वाटलीत त्या दिवशी सगळ्यांना उलटं करून दाखवत होतात की!"

सरदारांचा चेहरा उतरला. पोर वर्षाच्या पहिल्या महिन्यात जन्मलेलं. कुलपावरही तेच साल.

"ते... ते उतरवायचं नसतं," ते पुटपुटले. "मोठा होईपर्यंत नाही. त्याची आजी मला घरात घेणार नाही."

"हो, पण न उजाडलेलं वर्ष गळ्यात घालून फिरणार का बाळ?"

"बाई, तोंड आवर! माझा नातू चांगला उजाडलाय. रात्रभर गळा काढतो, सगळं ठाणं जागं ठेवतो!" एवढं म्हणून सरदार थबकले. मग त्यांना हसू फुटलं ते आवरेचना. पोट धरून ते कोळशांच्या टोपलीवरच टेकले.

"ठेव ती नळी, छाओ. तपासनिसाला मी सांगेन, खिंड बंद होती. नातू दाखवीन, कुलूप दाखवीन. खोटं ठरवायचं तर त्यानं पोराला ठरवावं."

फूशाननं नळी बाहीनं पुसली आणि फडताळात वर ठेवली. तिंगश्यांगनं भाता सोडला आणि पेटलेल्या कोळशांवर चहाचं भांडं चढवलं.

"उद्यापासून अशाच पोटाच्या ओततो, सरकार. साल ह्वांगछिंगचं घालू ना?"

सरदार घोटभर चहा पिऊन विचारात पडले.

"थांब. साल कोरू नकोस इतक्यात. आधी खिंडीपलीकडं माणूस पाठवून विचारून घेतो, अजून तेच चालू आहे ना."