बुधवारी मिओला कुठे ठेवायचं

पोलीस दारात आला तेव्हा सादाए पांढरे मुळे चिरत होती. इवाकिरी नाव त्याचं, कोपऱ्यावरच्या चौकीतला, तिच्या धाकट्या मुलाच्या वयाचा. शेजारच्या चिगुसाला नेमबाजीच्या स्पर्धेत उतरायचं म्हणून हवेच्या बंदुकीचा परवाना हवा होता, आणि तो देण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी ही व्हायचीच.

"मुलगी कशी आहे, काकू?"

"गुणी हो! तोंडातून शब्द निघत नाही. आपण बरं, आपली खोली बरी."

इवाकिरी गंभीर झाला. "म्हणजे एकटीच असते? कुणी येत-जात नाही?"

सादाए चपापली. आपण पोरीचं कौतुक करतोय की वाटोळं? "छे, छे! एकटी कसली? परवाच आईशी कडाकडा भांडली. साऱ्या गल्लीने ऐकलं!"

"कडाकडा?" त्याचं पेन वहीवर चालू लागलं.

"म्हणजे सगळे भांडतात तसं. तुम्ही नाही भांडत बायकोशी?" तिने सुरी त्याच्या रोखाने हलवली. तो पाऊलभर मागे सरला.

गप्प बसली तरी वाईट, ओरडली तरी वाईट. मग माणसानं असावं तरी कसं? खरं तर अंगणात काठी बंदुकीसारखी खांद्याला लावून, पापणी न लववता भिंतीकडे बघत उभी राहणारी चिगुसा बघून सादाएलाही कधीकधी कसंसंच व्हायचं. ते तिने गिळलं.

"लिहायचंच असेल तर तिच्या आजोबांचं लिहा. शहाऐंशीचे झालेत. यंदा दोनदा आमच्या कुंपणात टेम्पो घातला."

"ते खातं वेगळं," इवाकिरी हसला. "एकच सांगा. हिच्या भरवशावर नात ठेवाल?"

"ठेवाल काय? दर बुधवारी ठेवतेच की!"

त्याने वही मिटली.

परवाना मिळाला. बंदूक आली, भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी कपाटात गेली. पुढच्या बुधवारी सादाए नातीचा, मिओचा हात धरून शेजारच्या फाटकाशी आली आणि तिचे पाय तिथेच थबकले. तीच पोरगी, तेच दार.

"या ना काकू!" चिगुसा हसत बाहेर आली. "तुमच्यामुळे परवाना मिळाला हो."

"अगं, आज... हिला जरा सर्दी झालीय."

"मला नाही सर्दी," मिओ म्हणाली.

चिगुसाचं हसू मावळलं. तिच्या या गप्प बसण्याचा अर्थ काय लावावा, सादाएला कळेना.

इतक्यात चिगुसाचे आजोबा घरातून आले आणि टेम्पोत चढले. "चल गं मिओ, बागेत चक्कर मारून आणतो!"

सादाएला सुटल्यासारखं झालं. तिने लगबगीने नातीला उचलून आत बसवलं, पट्टा लावला, दार लोटलं. टेम्पो कुंपणाला घासून निघाला. टाटा करता करता तिचा हात हवेतच राहिला.

"काकू," चिगुसा म्हणाली, "आजोबांचा चष्मा तर आत टेबलावर आहे."

आणि चिगुसाने टेम्पोमागे अशी आरोळी ठोकली की पुन्हा एकदा साऱ्या गल्लीने ऐकलं.

टेम्पो थांबला. सादाए धावत सुटली. पण मिओला खाली उतरवून न्यायचं कुठे, हे काही धावतानाही तिचं ठरेना.