चष्मा मिळाला का?

मित्रांनो, मला जुनी म्हणा, मला राग नाही. मी टपालाची चामडी बॅग आहे आणि माझ्या अंगावरच्या सुरकुत्या मी कष्टाने कमावल्या आहेत. माझा जन्म एका चर्मकाराच्या ओट्यावर झाला. त्याने मेण लावलेल्या दोऱ्याने मला दुहेरी शिवण घातली, पट्टा आपल्याच खांद्याला लावून पाहिला आणि म्हणाला, "ओझ्याला भिऊ नकोस, पाण्याला तेवढी भी."

मी ज्या खांद्यावर चढले तो एका तरुण बाईचा होता. ती बंदराच्या गावात पत्रं वाटायची. एकोणीस वर्षं वाटली. लहानथोर सगळे तिला टपालताई म्हणत. खालच्या गल्लीत घरटी एक माणूस बोटीवर होता, त्यामुळे तिथे पोहोचेपर्यंत माझं पोट परदेशी तिकिटांच्या पाकिटांनी टम्म फुगलेलं असे.

त्या गल्लीत एक शिवणकाम करणारी बाई राहायची. ताई तिला मावशी म्हणे. मावशीचा एकुलता एक मुलगा मालवाहू बोटीवर खलाशी होता. त्याचं पत्र दरमहा यायचं. ताईची चाहूल लागली की मावशीचं शिवणयंत्र थांबायचं.

मग एके महिन्यात पत्र आलं नाही. पुढच्याही नाही. नंतर बातमी आली, की बोट परक्या देशाच्या बंदरात अडकली आहे. मालाच्या कागदपत्रांवरून भांडण लागलं, बोटीच्या मालकाने हात वर केले, आणि तिथल्या पोलिसांनी नऊ खलाशांना तुरुंगात टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मावशी रोज दारात उभी राही. "माझं काही आहे का गं?"

"आज नाही, मावशी."

एक दिवस ताईने मला टेबलावर आपटलं आणि ती पोस्टमास्तरांना म्हणाली, "साहेब, मी आता टपाल वाटत नाही. नुसतं 'नाही' वाटत फिरते."

त्याच वर्षी निवडणूक होती. खालच्या गल्लीने ताईला गळ घातली. "तुला सगळ्यांची दारं ठाऊक. आमच्यासाठी एक मोठं दार ठोठाव." ताई उभी राहिली आणि अगदी काठावर निवडून आली. निरोप देताना पोस्टमास्तर म्हणाले, "ही बॅग यंदा मोडीत निघणार आहे. तूच ने." अशी मी संसदेत गेले.

ताईची जागा अगदी शेवटच्या बाकावर होती. तिथे पंख्याचा वारा पोहोचत नसे आणि अध्यक्षांची नजरही. पहिल्याच अधिवेशनात ताईने परराष्ट्रमंत्र्यांना प्रश्न विचारला, "परदेशी तुरुंगातल्या आपल्या नऊ खलाशांसाठी सरकार काय करत आहे?"

मंत्री उठले, कागद वाचला. "सरकार परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे." बसले.

पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदाही तेच. पुढच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "ताई, आधी गल्लीतल्या गटाराचं बघा, मग जगाचं!"

"गटाराचं मंगळवारी विचारलंय," ताई म्हणाली. "आज बुधवार आहे. तुम्ही मंगळवारी नव्हता वाटतं?"

सभागृह हसलं. पण संध्याकाळच्या वर्तमानपत्राने तिचं नाव 'परदेशताई' ठेवलं आणि ते चिकटलं. गावात नळाला पाणी आलं नाही तरी लोक म्हणत, परदेशताईला कसं कळणार? ताई ऐकून घेई. 

एकदा ती मावशीकडे गेली आणि सरकारचं उत्तर तिने शब्दन् शब्द वाचून दाखवलं. मावशी सुईत दोरा ओवत होती. ती म्हणाली, "लक्ष ठेवून आहेत म्हणजे कुठून गं? इथूनच? मला मोठं काही कळत नाही. पोराने शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, चष्मा फुटलाय, चार हातांवरचं दिसत नाही. त्याला चष्मा मिळाला का, एवढंच विचार की."

 ताई खळखळून हसली, "मावशी, हाच प्रश्न हवा होता," म्हणाली आणि तिने मावशीचे दोन्ही हात धरले.

पुढच्या बुधवारी मंत्र्यांनी नेहमीचा कागद वाचला. ताई पूरक प्रश्नाला उठली. "अध्यक्ष महोदय, या नऊ जणांतल्या एका खलाशाचा चष्मा फुटला आहे. त्याला नवा चष्मा मिळाला का?"

सगळं सभागृह फिदीफिदी हसलं. मंत्र्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला. चष्म्याबद्दल त्यात काही नव्हतं. "माहिती घेऊन सांगतो," ते म्हणाले.

मित्रांनो, इथेच सगळं पालटलं. परिस्थितीवर खुर्चीत बसून लक्ष ठेवता येतं. पण एका माणसाच्या नाकावर चष्मा आहे की नाही, हे बघायला कुणालातरी त्याच्यासमोर जाऊन उभं राहावं लागतं. आपल्या वकिलातीतला एक अधिकारी नऊ तास प्रवास करून त्या तुरुंगात गेला. चौदा महिन्यांत आपलं कुणी तिथे गेलं, ते पहिल्यांदाच.

दोन आठवड्यांनी मंत्री उठले. "चष्मा मिळाला नव्हता. आता दिला आहे." या वेळी कुणी हसलं नाही. आणि त्याच आठवड्यात त्या अधिकाऱ्याने आणलेलं मावशीच्या मुलाचं पत्र माझ्या पोटातून खालच्या गल्लीत गेलं.

मग नऊही घरं मावशीकडे जमली. एकाच्या गुडघ्यावर उपचार झाले का? एकाला रोजची गोळी मिळते का? एकाची बायको तान्हं बाळ घेऊन आली होती. ती म्हणाली, "ताई, मुलगी झाल्याचं त्यांना कुणी सांगितलं का, तेवढं विचारा." ताई एकेक प्रश्न विचारत गेली. दर प्रश्नाला त्या अधिकाऱ्याचा एक प्रवास ठरलेला. त्या नऊ जणांना तीन तुरुंगांत वाटून ठेवलंय, हेही तेव्हाच कळलं.

बोटीवरच्या आचाऱ्याची बायको मात्र मागे बसून होती. ताई म्हणाली, "काकू, तुमचा प्रश्न?"

"आमचा शेवटी ठेव. हे सगळ्यांत थोरले. पोरं जेवल्याशिवाय हे कधी ताटावर बसले नाहीत."

नववा प्रश्न छोटाच होता. आचाऱ्याला अंघोळीला गरम पाणी मिळतं का? त्याच्या उत्तराच्या दिवशी मंत्र्यांनी ताईला आपल्या दालनात बोलावून घेतलं. "बसा, ताई," ते म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे सरकवला. आचारी तापाने वारले होते. वेगळ्या गावच्या तुरुंगात, एकटे. त्याला वर्ष होत आलं होतं.

ताईने कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "साहेब, हे आज सभागृहात वाचू नका. वर्तमानपत्राच्या आधी मला त्या दारात पोहोचायचंय."

"उत्तर आजच्या कामकाजात आहे, ताई." मग मंत्र्यांनी कामकाजाच्या यादीवरची ती ओळ खोडली. "बरं. मी पुढच्या बुधवारी वाचतो. माझ्यावर काय ओरडायचं ते ओरडू दे त्यांना."

मी तेव्हा एकच कागद घेऊन गेले. काकू अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी ताईकडे पाहिलं, आणि ओला सदरा त्यांच्या हातातच राहिला.

"गेले ना?"

ताईने मान हलवली.

"मीच शेवटी ठेवायला सांगितलं गं त्यांना."

"नाही, काकू." ताईने कागद काढून तारखेवर बोट ठेवलं. "ही बघा तारीख. चष्म्याचं विचारलं, त्याच्याही आधीची. तुम्ही त्यांना मागे ठेवलं नाहीत. आम्हालाच पोहोचायला उशीर झाला."

काकूंनी तारीख वाचली. मग तो सदरा त्यांनी नीट झटकून दोरीवर घातला. "आता पोरांना आण," त्या म्हणाल्या. "मग यांना."

आठ जण तीन महिन्यांनी सुटले. तोवर मंत्र्यांच्या कचेरीत कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची मुलगी रांगायला लागली, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. अशा माणसांची फाइल कपाटात ढकलायला कुणाचा हात धजेना. मावशी धक्क्यावर उभी होती. मुलाने तिला लांबूनच ओळखलं आणि हाक मारली. त्यानंतरच्या बुधवारी ताईने विचारलं, "आचारी घरी कधी येणार?" मंत्री कागद न घेता उठले. महिन्याभरात आचाऱ्यांच्या अस्थी आल्या. त्या आठांनीच त्या बोटीवरून उतरवल्या.

पुढच्या निवडणुकीत ताई पडली. गटार खरोखरच तुंबलं होतं. मी खुंटीवर राहिले, माझ्यावर बुरशी धरली, पट्टा कडक झाला. चामड्याला तेल लागतं, मित्रांनो. घरातल्या जुन्या वस्तूला वर्षातून एकदा तरी हात लावा. आणि दूर गेलेल्या आपल्या माणसाची चौकशी करताना नुसतं 'बरं आहे ना' म्हणून मोकळे होऊ नका. काहीतरी बारीक विचारा, म्हणजे उत्तर देणाऱ्याला आधी त्याच्याकडे बघावं लागेल.

परवा सकाळी दुसऱ्या गावची एक अनोळखी बाई दारात आली. तिची धाकटी बहीण परदेशात परिचारिका आहे, चार महिन्यांत तिचा पत्ता नाही. "ताई, तुम्ही आता खासदार नाही हे ठाऊक आहे मला," ती चाचरत म्हणाली.

"नाही तर नाही. खासदाराला पत्र तर लिहिता येतं ना? आधी आत ये." ताईने तिला बसवलं, पाणी दिलं, आणि कोरा कागद पुढ्यात ओढला. "सांग, बहिणीला थंडी सोसते का?"