मंगळवारच्या मॅडम

“मॅडम, मला बाळाचं डोकं वर लागलं,” पुटपुटी म्हणाली.

प्रत्येक उत्तर तोंडातल्या तोंडात द्यायची सवय, म्हणून वर्गाने त्या मुलीला पुटपुटी करून टाकलं होतं. आत्ताही ती इतक्या हळू बोलली की कॉटच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलांना ऐकू गेलं नाही. मॅडमना गेलं.

“कुठे वर?”

“बरगड्यांच्या खाली. कडक आहे, गोल आहे. खाली मऊ लागतंय.”

मॅडमनी नुकतंच बरोबर उलट सांगितलं होतं. डोकं खाली आहे, सगळं जागच्या जागी आहे, सोनोग्राफीच्या रांगेत ताटकळायची गरज नाही, घरी जा, कळा सुरू झाल्या की या. मग मुलांनी पाळीपाळीने त्या पोटावर हात ठेवले होते आणि प्रत्येकाने “हो मॅडम, खाली आहे” म्हटलं होतं. पुटपुटीची पाळी शेवटची होती. कॉटवरची बाई शिवणकाम करणारी होती, नववा महिना सरत आलेला. इतक्या हातांनी ती कंटाळून गेली होती आणि पायानेच चपला चाचपडत होती.

“थांबा जरा,” मॅडम तिला म्हणाल्या. “परत एकदा झोपता?”

“झोपते की,” ती म्हणाली आणि उसासा टाकून पुन्हा आडवी झाली.

मॅडमनी तळवे एकमेकांवर चोळून पोटाच्या वरच्या टोकाला ठेवले. बोटं आत वळवली, हलकेच इकडून तिकडे ढकलून पाहिलं. काहीतरी होतं. पण कडक की मऊ, गोल की रुंद, हे जाड रजईवरून चाचपावं तसं लागत होतं. खालच्या बाजूला गेल्या. तिथेही तसंच. मग हात काढून घेतले.

“सोनोग्राफी करून घ्या. तुम्हाला पुढे घ्यायला सांगते मी.”

वर्ग तिथेच थांबला. रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनी तो मोठ्याने वाचला. मूल पायाळू होतं, डोकं वर.

“हिचं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “माझं चुकलं.”

चष्मेवाला एक मुलगा अदबीने म्हणाला, “मधल्या वेळात बाळ फिरलं असेल, मॅडम.”

“फिरलं नाही. आणि तुम्ही सगळे हो म्हणालात ते का, त्याचा घरी जाऊन विचार करा.”

त्या दिवशीचा तास त्यांनी तिथेच संपवला.

वैद्यकीय महाविद्यालयात त्या स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राच्या मानद व्याख्यात्या होत्या. ऐन तरुणपणी, स्वतःचा दवाखाना नुकता चालायला लागला तेव्हा हे पद मिळालं होतं. पगार नाही, खुर्ची नाही, पर्स ठेवायला कपाटसुद्धा नाही. विभागाच्या फलकावर पूर्णवेळ शिक्षकांच्या नावांखाली एक आडवी रेघ होती आणि रेघेखाली त्या. “पगार द्यायचा नसला की मान देतात, त्याला मानद म्हणतात,” असं त्या दर नव्या वर्गाला सांगायच्या आणि मुलं दर वर्षी हसायची. दर मंगळवारी सकाळी त्या वॉर्डात यायच्या, म्हणून आयांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या मंगळवारच्या मॅडम. दवाखान्यातली बाळंतपणं त्यांनी वयाप्रमाणे बंद केली, पण मंगळवार सोडला नव्हता. पोटावर हात ठेवून आतलं मूल ओळखायला शिकवणं एवढंच त्यांचं काम, आणि ते त्यांच्यासारखं कोणी शिकवत नाही, असं त्यांच्या समोर नव्हे तर पाठीमागे बोललं जायचं.

बोटांचं त्यांना ठाऊक होतं. गेला हिवाळाभर पर्समधली किल्ली त्यांना न बघता सापडत नव्हती. नसांच्या डॉक्टरांनी मानेचे फोटो काढून सांगितलं होतं की मणक्यात नस दबली आहे, ऑपरेशनने पुढचं थांबेल, गेलेलं परत येईलच असं नाही. मॅडम तेव्हा मान हलवून घरी आल्या होत्या. पोटावर हात ठेवला की सगळं कळतंय, असं त्या दर मंगळवारी स्वतःला सांगत राहिल्या. कळत नव्हतं. पेशंटच्या केसपेपरवरचा जुना रिपोर्ट त्या आधी बघायच्या आणि मग हाताला तेच लागायचं. या बाईचा जुना रिपोर्टच नव्हता.

वॉर्डातून त्या सरळ विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या. प्रमुख एके काळी त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यांना पाहून तो उठून उभा राहिला.

“बसा ना मॅडम. तुमची मुदत वाढवायचं मी कालच वर पाठवलंय.”

“परत मागव.”

“का? काय झालं?”

मॅडमनी सांगितलं. बोटांचं, मानेचं, सकाळच्या बाईचं. सांगताना त्यांचा आवाज वॉर्डात केस सांगताना असतो तसाच होता. प्रमुखाने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मॅडम, खरं सांगू? मनाला लावून घेऊ नका. आता प्रत्येकीची सोनोग्राफी होते. हाताने काय लागलं त्यावर आज कोणी काही ठरवत नाही. तुम्ही शिकवत राहा. मुलांना तुम्ही हव्या आहात.”

तो धीर द्यायला म्हणत होता हे त्यांना कळत होतं. तरी ते वाक्य त्यांना आरपार गेलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी आपण येत राहिलो ते चुकलं तरी चालतं, असंच तो सांगत होता.

“मी तिला घरी पाठवत होते,” त्या म्हणाल्या. “सोनोग्राफीची गरज नाही, असं मी स्वतः सांगितलं होतं. ती मुलगी बोलली नसती तर ही बाई घरी कळा देत बसली असती आणि आधी पाय बाहेर आले असते.”

प्रमुखाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“मग वॉर्डात नका जाऊ,” तो म्हणाला. “वर्गात शिकवा. फळ्यावर.”

“फळ्यावर पोट काढून?”

तो कसनुसा हसला. मॅडम नाही हसल्या.

“पुढच्या मंगळवारी येते,” त्या उठत म्हणाल्या. “या मुलांचं राहिलेलं पुरं करते. मग बास.”

“मॅडम, घाई करू नका. घरी बोला, विचार करा.”

“बरं,” त्या म्हणाल्या. तो दारापर्यंत सोडायला आला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो हातानेच माफी मागत मागे वळला. बाहेरच्या बाकावर मॅडम जरा वेळ टेकल्या. त्याने थोडी हुज्जत घालावी, असं त्यांना मनातून वाटत होतं. त्याने घातलीही होती, पण पदासाठी, हातांसाठी नाही.

घरी नवऱ्याने चहा टाकला होता. निवृत्त झाल्यापासून दुपारचा चहा त्याच्याकडे असायचा. मॅडमनी कप दोन्ही हातांनी धरला, अलीकडे धरायच्या तसा.

“सोडलं मी कॉलेज,” त्या म्हणाल्या.

“कशाने?”

“हाताला काही कळत नाही माझ्या. मूल उलटं होतं, मी सुलटं सांगितलं.”

नवऱ्याने स्वतःचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, “मला वाटलंच होतं. कप फुटायला लागले तेव्हाच.”

“बोलला का नाहीस मग?”

“तू बोलत नव्हतीस म्हणून.” त्याने बिस्किटांचा डबा त्यांच्याकडे सरकवला. “एवढी वर्षं मानद होतीस. शेवटी मान मिळालीच म्हणायची. दुखरी का असेना.”

त्यांना हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा तो उठला आणि नसलेली खरकटी भांडी घासायला गेला. त्याला जमायचं तेवढं तो करत होता. रात्रीचं जेवण होईस्तोवर दोघंही त्या विषयावर बोलले नाहीत. झोपायच्या आधी त्या म्हणाल्या, “मानेचं ऑपरेशन करून टाकू,” आणि तो “करू” म्हणाला.

पुढच्या मंगळवारी शिवणकाम करणारी ती बाई वॉर्डात भरती झालेली होती. मूल फिरलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी सकाळी सिझेरियन ठरलं होतं. वर्ग तिच्या कॉटभोवती जमायला लागला तशी तिने भिंतीकडे तोंड केलं.

“आज किती जण हात लावणार?” तिने विचारलं.

“एकच,” मॅडम म्हणाल्या. “चालेल?”

“एक असेल तर चालेल.”

मॅडमनी पुटपुटीला पुढे बोलावलं. बाकीच्यांना म्हणाल्या, “आज तुम्ही फक्त ऐकायचं. हिच्या हाताला काय लागतं ते ही सांगेल. मग पेशंटला न शिवता मला सांगा, मूल कसं आहे.”

पुटपुटीने हात ठेवले. “वर कडक आहे,” ती म्हणाली.

“मोठ्याने. भिंतीजवळच्या मुलाला ऐकू गेलं पाहिजे.”

“वर कडक आहे. गोल. ढकललं की उसळतंय.”

“डावीकडे?”

“सपाट. लांब.”

“उजवीकडे?”

“बारीक बारीक उंचवटे. सरकतायत.”

मॅडम विचारत गेल्या आणि ती सांगत गेली. मॅडमनी स्वतःचे हात ॲप्रनच्या खिशात घातले होते. एकदा पुटपुटी गोंधळून थांबली, तेव्हा त्यांचा हात खिशातून निघून पुढे गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. “घाई नको,” त्या म्हणाल्या. “बोटांनी टोचू नकोस, तळव्याने विचार.” पुटपुटीने डोळे मिटले आणि या वेळी बरोबर सांगितलं.

आज तास लांबला. शेवटी मॅडमनी मुलांना सांगितलं की आपण यापुढे येणार नाही, तुमचे पूर्णवेळ सर पुढचं घेतील. चष्मेवाल्याने आभार मानले. पुटपुटी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली, ते मात्र या वेळी मॅडमनाही ऐकू आलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मुलं पुढच्या वॉर्डाकडे गेली.

मॅडम पर्स घेऊन निघाल्या, तशी कॉटवरून बाई म्हणाली, “तुम्ही नाही बघितलंत मला?”

“तिने बघितलं ना. चांगलं बघितलं.”

“ती पोर आहे हो. तुम्ही बघा की एकदा. उद्या ऑपरेशन आहे, पोटात नुसता गोळा आलाय.”

मॅडमनी पर्स पुन्हा खाली ठेवली आणि कॉटच्या कडेला बसल्या. एक तळवा त्या गच्च भरलेल्या पोटावर ठेवला. बाईने डोळे मिटून घेतले. वॉर्डात जेवणाची गाडी आली होती, ताटांचा आवाज येत होता.

“हललं बघा आत्ता,” बाई एकदम म्हणाली. “लागलं का हाताला?”

मॅडमनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“लागलं,” त्या म्हणाल्या, आणि हात लगेच काढला नाही.